थांबायची वेळ

‘वाचले,’ असं तिनं सांगितलं आणि त्या बाईंचा चेहरा पडला. पडला म्हणजे क्षणभरच. पापणी मिटून उघडावी इतकाच. चपला घालून दारापर्यंत आलेल्या माणसाला घरातून पुन्हा हाक यावी, तसा तो चेहरा झाला. मग बाईंनी रुमाल तोंडाला लावला, तुमचे उपकार कसे फेडू असं काहीतरी पुटपुटल्या आणि रीतीप्रमाणे रडल्या. कॅज्युअल्टीच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या इतर कुणाला काही दिसलं नसेल. पण तिला दिसलं. कारण डॉक्टर म्हणून ती ते शब्द बोलण्यासाठीच बाहेर आली होती आणि ते ऐकून माणसं कशी उजळतात हे बघायची तिला चटक होती. दिवसभरात दहा जणांना वाईट बातमी सांगायची, लोकांच्या शिव्या खायच्या, दारूच्या वासात वाकून टाके घालायचे, आणि या सगळ्याच्या बदल्यात कधीतरी एकदा बाहेर येऊन ‘वाचले’ म्हणायचं. तेवढ्यावर पुढचे काही दिवस निघत. आणि आजचं ‘वाचले’ तर तिचं एकटीचं होतं. गाडी चालवायला शिकवणारा हा बाईंचा नवरा, शिष्यांचा मास्तर, भर सिग्नलवर ‘क्लच, क्लच’ म्हणता म्हणता शेजारच्या शिकाऊ मुलीच्या अंगावर कलंडला होता. मुलीनं गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मगच किंकाळी फोडली, असं ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. ‘शिकवलं चांगलं होतं म्हणायचं.’ आत आणला तेव्हा हृदय बंद होतं. तिनं छाती दाबायला घेतली. बरगडी मोडते ती कानाला ऐकू येत नाही, तळहाताला कळते. तशी एक कळली, मग दुसरी. शॉक दिले, इंजेक्शनं दिली, पुन्हा दाबलं. मोठ्या सिस्टर, ज्यांची निम्मी हयात त्या खोलीत गेली होती, घड्याळाकडे बघून हलकेच म्हणाल्या, ‘थांबायचं का, मॅडम?’ कुणीही थांबलं असतं. ती म्हणाली, ‘नाही.’ का म्हणाली ते सांगता आलं नसतं. हट्ट होता. घामानं चष्मा घसरत होता आणि ती दाबत राहिली, आणि सगळ्यांनी मनातून त्याला सोडून दिल्यावर मॉनिटरवर एक वेडीवाकडी लाट आली, मग दुसरी, आणि मास्तर परत आला. वॉर्डबॉयनं चक्क टाळी वाजवली. त्या टाळीच्या भरात ती बाहेर आली होती.

आता चेहरे ती ओळखत होती. नातेवाइकांचे चेहरे हा तिचा न शिकवलेला विषय होता. इस्टेटीचे हिशेब करणारे पुतणे, बातमी कळल्यावर आधी गाडीची किल्ली शोधणारे जावई, हसू आवरता न आल्यानं भिंतीकडे तोंड करणारी एक सून, हे सगळे तिनं पाहिले होते आणि त्यांच्यावर ती चहा पिताना विनोदही करायची. हा चेहरा त्यांतला नव्हता. त्यात लोभ नव्हता, राग नव्हता. तो दमलेला होता. आणि तो आपण आधी कुठेतरी पाहिलाय, असं तिला वाटत राहिलं. कुठे ते आठवेना. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथेच जावी, तसं झालं. भाजी चिरताना, लिफ्टची वाट बघताना, एका पोराच्या नाकात गेलेला मणी चिमट्यानं काढताना. एकदा सिग्नलला उभी असताना शेजारून ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेली गाडी गेली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत ती तिच्याकडे बघत राहिली. मास्तर तोवर वरच्या वॉर्डातून घरीसुद्धा गेला होता. जाताना खाली येऊन सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेला म्हणे. ती तेव्हा सुट्टीवर होती. ‘मोकळा माणूस आहे,’ मोठ्या सिस्टर म्हणाल्या. ‘बायको मात्र घुमी. दाराशीच उभी.’

आठवलं ते बाथरूममध्ये, मनगटावरचं घड्याळ काढून नळावरच्या काचेच्या फळीवर ठेवताना. काचेवर धातू टेकल्याचा तो बारीक आवाज. तिचे बाबा घड्याळ काढून फळीवर ठेवत. नेहमी, आधी. कचेरीतले नीटनेटके कारकून; त्यांच्या शर्टाची घडी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. घड्याळ काढायचे, फळीवर ठेवायचे, आणि मग आईला मारायचे. पुढचं फारसं ऐकू येत नसे, कारण आई ओरडत नसे, आणि बाबाही आवाज चढवणाऱ्यांपैकी नव्हते. म्हणून लहानपणी तिच्या लेखी मार म्हणजे तो आधीचा आवाज होता. तो झाला की ती गणिताचं पुस्तक उघडायची. तिला गणितात कायम चांगले गुण मिळाले. मग एके दुपारी बाबा जेवता जेवता छाती धरून खाली बसले, ओठ निळे पडायला लागले, तोंडाला फेस आला. आई ताट हातात धरून उभी राहिली. आणि ती पळाली. कुणी सांगितलं नव्हतं. अनवाणी, भर उन्हात, रस्त्याच्या टोकाला असलेल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्यांना जेवणावरून उठवलं, त्यांच्या स्कूटरवर मागे बसून घरी आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, बाबांचं डोकं उंच करून बसवलं, दवाखान्यात हलवलं. बाबा वाचले. तेव्हापासून ही घराची कहाणी झाली. पाहुणे आले की बाबा सांगत, ‘हिच्या पायांमुळे मी आज बसलोय.’ डॉक्टर म्हणाले होते, ‘ही पोरगी डॉक्टर होणार.’ झाली. आणि त्या दिवशी, बाबांना नेल्यावर, आईनं तिचे भाजलेले तळवे पाण्याच्या परातीत धरले होते. हळूहळू चोळत ती म्हणाली होती, ‘किती जोरात पळालीस गं तू.’ आणि थोड्या वेळानं, ‘वाटेत ठेचसुद्धा लागली नाही तुला.’ हे वाक्य पुढे सगळ्यांनी कौतुक म्हणून सांगितलं. मामा सांगायचा, मावशी सांगायची, तिनं स्वतः एका समारंभात सांगितलं होतं आणि लोकांचे डोळे पाणावले होते. आता नळ चालू ठेवून उभी असताना तिला आईचा आवाज ऐकू आला, आणि त्यात कौतुक कुठेच नव्हतं. परातीवर वाकलेला तो चेहरा होता. दाराबाहेरच्या बाईंचा. घरात परत बोलावलेल्या माणसाचा. त्यानंतर आई त्या घरात कितीतरी वर्षं राहिली. बाबांच्या गोळ्या वेळेवर देत राहिली, बिनमिठाचं वेगळं रांधत राहिली, आणि बाबांना पुरती ताकद आल्यावर घड्याळ पुन्हा फळीवर वाजायला लागलं. मग एक दिवस आई झोपेतच गेली. तिच्यासाठी पळायला कुणाला वेळच मिळाला नाही.

बाबा आता तिच्याकडेच होते. म्हातारपणानं त्यांना गोड केलं होतं. सोसायटीतली मुलं त्यांना आजोबा म्हणून बिलगत, शेजारीण त्यांच्यासाठी मासिकं आणून देई. संध्याकाळी ते गॅलरीत बसून चहात बिस्किट बुडवत. ते तुटून कपात पडायच्या आत नेमकं उचलायचं, हे कौशल्य त्यांना अजून जमत होतं आणि जमलं की ते तिच्याकडे बघून हसत. त्या संध्याकाळी ती त्यांच्यासमोर बसली.

‘बाबा, तुम्ही आईला मारायचात. आठवतं?’

त्यांनी बिस्किट खाऊन संपवलं. ‘आज काय झालं कामावर?’

‘काही नाही. विचारतेय.’

‘अगं, कोणत्या घरात भांड्याला भांडं लागत नाही?’

‘आपल्याकडे एकच भांडं वाजायचं.’

ते थोडा वेळ खाली रस्त्याकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटलं असेल का, हे ती त्यांच्या मानेकडे बघून शोधत होती. पण म्हाताऱ्या मानेवर सगळंच दुःखासारखं दिसतं. ‘तुझ्या आईनं कधी ब्र काढला नाही,’ ते शेवटी म्हणाले. त्यात तक्रार होती, जणू आईनंच त्यांना अंधारात ठेवलं होतं.

‘तेच म्हणतेय मी.’

‘असेल. झालं असेल. आता ती गेली, तू कशाला उकरतेस?’ आणि कप खाली ठेवून, ‘माझी संध्याकाळची गोळी राहिलीय वाटतं.’

ती उठली. गोळी दिली, पाणी दिलं. पेला तिनंच धरला. त्यांच्या घशाची गाठ वर जाऊन खाली आली आणि तिच्या मनात आलं, हे हृदय मी चालू ठेवलंय. आधी पायांनी, आता गोळ्यांनी. आईला कुणी विचारलं नव्हतं.

त्या बाई पुन्हा आल्या त्या दिवशी कॅज्युअल्टीत गर्दी नव्हती. मास्तर पुढे, हातात सफरचंदांची पिशवी, मागे बाई. डावा हात उजव्या हातानं पोटाशी धरलेला. ‘ओळखलंत का?’ मास्तर दारातूनच म्हणाला. ‘तुमचाच पेशंट. मरणाच्या दारातून खेचून आणलंत मला!’ त्यानं पिशवी टेबलावर ठेवली, वॉर्डबॉयच्या पाठीवर थाप मारली, टाके घालून घ्यायला बसलेल्या एका अनोळखी माणसालाही तो आपली गोष्ट सांगायला लागला. बरगड्या अजून दुखतात म्हणे, हसताना. ‘पण तुमचं काम पक्कं. आज या हिचं बघा. बाथरूममध्ये पडली. चालताना लक्ष नसतं.’ तिनं त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो बाहेर गेला. आज्ञाधारक माणूस होता, डॉक्टरांच्या बाबतीत.

तिनं एक्स-रे उजेडात धरला. हाड मनगटापाशी मोडलं नव्हतं. कोपर आणि मनगट यांच्या मध्ये, बाहेरच्या बाजूला, सरळ आडवी भेग. घसरून पडणारा माणूस तळहात टेकतो आणि मनगट मोडून घेतो. हे हाड मोडतं ते तोंडासमोर हात आडवा धरला की.

‘कशा पडलात?’

‘पाय घसरला.’

‘पडल्यावर हे हाड मोडत नाही.’

बाई एक्स-रेकडे बघत होत्या, जणू दुसऱ्या कुणाचा आहे. ‘मग मी तशी पडले असेन,’ त्या म्हणाल्या.

तिनं खुर्ची जवळ ओढली. आवाज खाली आणून सगळं सांगितलं: पोलिसांना कळवता येतं, इथे मदत करणाऱ्या ताई आहेत, राहायला जागा मिळते, तुमच्या मनाविरुद्ध काही होणार नाही. हे सगळं ती नेहमीच सांगायची आणि सांगताना आपल्याला बरं वाटतंय हे तिला आज पहिल्यांदा जाणवलं आणि त्याची शरम वाटली. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शाळेतल्या मुलीचं पाठांतर ऐकावं तसं.

‘मुलीच्या घरी गेले होते मी एकदा,’ त्या म्हणाल्या. ‘जावई चांगला आहे. तिसऱ्या दिवशी त्यानं मला विचारलं, आई, परतीचं तिकीट काढू का. चांगला आहे, खरंच.’ मग किंचित हसल्या. ‘आणि हल्ली यांना धाप लागते. लवकर थांबतात. तेवढं तुमच्यामुळेच झालं.’

प्लास्टरची पट्टी पाण्यात भिजवताना तिचे हात थांबले. हा विनोद होता की टोमणा, हे कळेना. मोठ्या सिस्टर कापूस शोधायला म्हणून दुसऱ्या कोपऱ्यात गेल्या. ती पट्टी गुंडाळायला लागली. कोपरापासून खाली, सुरकुती पडू न देता. बाईंच्या दंडावर पिवळे पडत चाललेले जुने डाग होते.

‘बाहेर भिंतीवर लिहिलंय,’ बाई एकाएकी म्हणाल्या. ‘छातीत दुखलं, माणूस कोसळला, तर वेळ घालवू नका म्हणून. पहिली काही मिनिटंच महत्त्वाची. नंतर उपयोग नाही. ते खरं असतं का?’

तिनं वर पाहिलं. बाई तिच्याकडे सरळ बघत होत्या. त्या नजरेत काही लपवलेलं नव्हतं आणि काही सांगितलेलंही नव्हतं. तिच्या कानात नुसतं पाणी वाजत होतं, परातीतलं. डॉक्टरनं काय म्हणायचं असतं ते तिला पाठ होतं: लगेच फोन करायचा, आम्ही आहोत, घाबरायचं नाही. ते शब्द तिच्या जिभेपर्यंत आले आणि परत गेले.

‘खरं असतं,’ ती म्हणाली.

‘बरं,’ बाई म्हणाल्या आणि प्लास्टर वाळायची वाट बघत बसल्या. गळ्यात झोळी अडकवून त्या निघाल्या, तेव्हा मास्तरनं त्यांची पर्स स्वतःच्या खांद्याला लावली आणि दार धरून उभा राहिला. सफरचंदं सगळ्यांनी वाटून खाल्ली. तिनं खाल्लं नाही.

त्यानंतर ती वाट बघत होती, हे तिनं स्वतःशी कबूल केलं नाही. पण ॲम्ब्युलन्स मागे घेताना तिची शिट्टी वाजायला लागली की ती हातातलं काम टाकून दाराकडे बघायची. तिच्या डोक्यात त्या घराची एक खोली तयार झाली होती. खोलीत मास्तर जमिनीवर पडलेला असे आणि बाई समोर खुर्चीत बसलेल्या असत, हात मांडीवर, फोन शेजारी. बाईंना ती घाई करू देत नसे. कधीकधी खुर्चीत आई असे. आपण एका बाईच्या हाती काय दिलं, या विचारानं तिला घाम फुटे. आणि दिलं ते बरं केलं, असंही लगेच वाटे. दोन्ही विचार शेजारी शेजारी नांदत, एकमेकांशी न बोलता, एखाद्या जुन्या जोडप्यासारखे. घरी ती बाबांशी नेहमीपेक्षा गोड बोलू लागली. त्यांना ते आवडलं. ‘हल्ली तू आईवर जातेयस,’ ते म्हणाले.

मास्तरला आणलं ते ऊन उतरायच्या सुमाराला. स्ट्रेचरवरचा हात खाली लोंबत होता, आणि तो हात तिनं आधी ओळखला, मग माणूस. ‘घरीच कोसळला,’ ॲम्ब्युलन्सवाला धापा टाकत म्हणाला. ‘बाईंचा फोन लगेच आला. आम्ही पोचलो तेव्हा त्या स्वतःच छाती दाबत होत्या. सोडेचनात. बाजूला करावं लागलं.’

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण विचारायला वेळ नव्हता. ती टेबलावर वाकली, तळहात ठेवले. जुन्या बरगड्या नीट जुळल्या नव्हत्या, हाताखाली सरकत होत्या. सगळं सुरू झालं, नेहमीच्या क्रमानं. शॉक, इंजेक्शन, दाबणं, पुन्हा शॉक. तिनं काहीही गाळलं नाही. तिच्या सूचना स्पष्ट होत्या, आवाज शांत होता. दाबता दाबता तिला बाजूच्या ट्रेमध्ये कुणीतरी काढून ठेवलेलं मास्तरचं घड्याळ दिसलं. काच शाबूत होती. काटा फिरत होता. वेळ होत आली. या वेळी मोठ्या सिस्टर काही म्हणाल्या नाहीत. तिच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या, मागच्या वेळचं ‘नाही’ त्यांना आठवत असणार. मॉनिटरवर मधेच काहीतरी हललं. ते दाबण्यामुळे होतं की त्याचं स्वतःचं, हे नीट बघायचं तर अजून थोडा वेळ द्यायला हवा होता. मागच्या वेळी असंच काही दिसलं असतं, तर तिनं तो दिला असता. मागच्या वेळी तर काही न दिसताच दिला होता.

‘थांबू या,’ ती म्हणाली.

वेळ बरोबर होती. कुठल्याही तपासणीत कुणी तिच्यावर बोट ठेवलं नसतं. सिस्टरांनी मान हलवली आणि मॉनिटर बंद केला. तिचे हात हवेत तसेच राहिले होते, ते तिनं खाली घेतले.

बाहेर बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पायात चप्पल नव्हती. प्लास्टर निघालेला हात बारीक आणि फिकट दिसत होता. तिनं सांगितलं. सांगताना ती त्या चेहऱ्याची वाट बघत होती. सुटलेला, मोकळा झालेला, शेवटी उंबरा ओलांडलेला चेहरा. तो आला नाही. बाईंच्या तोंडातून एक आवाज आला, अंगातून ओढून काढल्यासारखा, आणि त्या खाली बसल्या. तीही त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

‘मी लगेच फोन केला हो,’ बाई म्हणत होत्या. ‘एक क्षणसुद्धा घालवला नाही. त्या दिवशी म्हणून तर तुम्हाला विचारलं होतं. मागच्या वेळी मी नव्हते जवळ. पुन्हा झालं आणि मला उशीर झाला तर... तुम्ही म्हणालात, खरं असतं.’

तिनं बाईंच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

‘वाईट होते ते. तुम्हाला माहीत आहे. पण घरात कुणीतरी लागतं हो, भ्यायलासुद्धा.’ बाईंनी तिचा हात घट्ट धरला. प्लास्टरमधून निघालेल्या त्याच हातानं; तळवा अजून गरम होता. आणि तिच्या तोंडाकडे बघत, अगदी विश्वासानं, त्यांनी विचारलं, ‘मागच्या वेळेसारखं सगळं केलंत ना?’

‘हो,’ ती म्हणाली. ‘सगळं केलं.’

बाईंनी मान डोलावली. तिचा हात त्यांनी कितीतरी वेळ सोडला नाही.